लाल रेघ

मी एक जुने मापाचे भांडे आहे. एका लहानशा दवाखान्यात, हात धुण्याच्या बेसिनशेजारच्या फळीवर माझी जागा आहे. आपली कहाणी सांगताना इतर भांडी म्हणे तोऱ्यात असतात. मला मात्र आजही तोंड लपवावेसे वाटते.

कारखान्यातून आले तेव्हा माझ्या अंगावर एक लिटरची निळी रेघ होती. जुलाब झालेल्या मुलांसाठी मीठ-साखरेची पूड माझ्यातच कालवत. मोठ्या सिस्टर प्रत्येक आईला समजावत, की आतड्यातल्या पेशींना पातळ आवरण असते आणि त्यात इवलीशी दारे असतात. साखर आणि मीठ एका दारातून जोडीने आत जातात आणि पाणी त्यांच्या मागोमाग येते. पण पाणी कमी घालून ते दाट केले, तर उलटेच होते. पेशींतलेच पाणी बाहेर ओढले जाते. ऐकून ऐकून मला हे तोंडपाठ झाले होते. म्हणून तर माझी लाज दुप्पट आहे.

घासून घासून निळी रेघ पुसली गेली. एकदा सुट्टीत माझ्यात सहाशे मिलिलिटरपर्यंत पाणी तसेच राहिले आणि तिथे क्षारांचा पांढरा पट्टा बसला. मला तो दागिनाच वाटला. नव्याने आलेल्या धाकट्या सिस्टरना तो पट्टाच लिटरची पुसट झालेली रेघ वाटला. त्यांनी हौसेने त्यावर लाल नेलपॉलिश फिरवले. सगळ्यांनी वाहवा केली आणि मी फुशारून गेले.

मित्रांनो, दुसऱ्याच दिवशी शिवणकाम करणारी एक आई तीन वर्षांच्या चिमीला घेऊन आली. लिटरभर पाण्याची पूड सहाशेत कालवली गेली. आई चमच्या-चमच्याने पाजत होती, आणि चिमीची तहान वाढतच होती. जुलाब थांबेनात, डोळे खोल गेले. त्या लेकराच्या अंगातले पाणी माझ्यामुळे आटत होते आणि मी फळीवर ठणठणीत उभे होते.

दुपारी मोठ्या सिस्टरनी एक थेंब चाखला आणि तोंड वाकडे केले. मला रिकामे करून त्यांनी लिटरची भरलेली बाटली माझ्यात ओतली. पाणी लाल रेघ ओलांडून पार वर गेले. चिमीला लगेच सलाईन लावले. धाकट्या सिस्टर आईसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"ताई, चूक माझी आहे. माप न बघताच मी रेघ मारली."

रेघ त्यांनी मारली खरी, पण पट्टा माझा होता. त्यांनी कबुली तरी दिली. मला तोंड असून काय उपयोग?

तिसऱ्या दिवशी चिमी उठून बसली. मला टाकून देतील असे वाटले होते, आणि खरे सांगते, सुटले असते. पण धाकट्या सिस्टरनी पट्टा खरवडून काढला आणि योग्य जागी सुईने नवी रेघ कोरली. तेवढ्यात चिमीची आई पाण्याने भरलेली लिटरची बाटली घेऊन फळीपाशी आली.

"आधी माझ्यासमोर मोजून दाखवा," ती म्हणाली. "मगच पाजीन."

मित्रांनो, मापाच्या भांड्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, मोजून बघा. त्यात आमचा अपमान नाही. त्या आईने वाकून माझ्या रेघेला डोळे लावले, तेव्हा मी लाजेने अर्धे झाले होते. तरी मनात म्हणत होते, अजून नीट बघा, ताई.