मावळतीच्या आधीची खिचडी

वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी नेमगोंडा पाटील ग्रॅममध्ये विचार करू लागले. टूथब्रशचा दांडा त्यांनी अर्धा कापला तेव्हा घरच्यांना दुखण्याचं गांभीर्य कळलं. एका गटाबरोबर सह्याद्रीच्या धारेवरून बारा दिवस चालायचं होतं, आणि पाठीवर नऊ किलोंच्या वर ओझं नको, असा गटाचा दंडक होता.

अडचण एकच. प्रभावतीबाई.

"जावा की," बायको म्हणाली. "पण दिवस मावळायच्या आत ऊन-ऊन जेवण व्हायला पायजे. आणि त्यांच्या कांदा-लसणाच्या पातेल्यातलं न्हाय. जमत असलं तर जावा, न्हायतर अंगणात चाला. अंगण काय ल्हान हाय?"

जैनांचा नेम पाळत चाळीस वर्षं सूर्यास्ताआधी जेवणाऱ्या नेमगोंडांना यात वावगं काही दिसलं नाही. ते उचगावला तोहिदच्या दुकानात गेले. तोहिदचे वडील स्टोव्ह दुरुस्त करायचे, तोहिद डोंगरात न्यायच्या चुली विकायचा. त्यानं दोन पुढं ठेवल्या. एक गॅसची, डब्यासकट साडेतीनशे ग्रॅम. दुसरी स्पिरिटची. नुसती चूल वीस ग्रॅम.

"अण्णा, गॅसची न्या. वाऱ्यात टिकती."

"वीस ग्रॅम!" अण्णा पुटपुटले. लग्न ठरलं तेव्हाही ते असे हळवे झाले नव्हते.

"तिची ज्योत उन्हात दिसत न्हाय. पेटली का न्हाय ते बोट भाजल्यावर कळतंय."

"म्हंजे कळतंय की!"

स्पिरिटचीच चूल घरी आली, सोबत टायटॅनियमचं हलकं भांडंही आलं. प्रभावतीबाईंनी ते बोटावर फिरवून पाहिलं. "भांडं हाय का बाटलीचं टोपण?" मग म्हणाल्या, "जोतिबाच्या डोंगरावर करून दावा. मी बी येतो बघायला."

रविवारी देवळापासून लांब, उघड्या माळावर परीक्षा सुरू झाली. साडेपाच वाजले होते, सूर्य मावळायला तासाभराचा अवकाश होता. स्पिरिट पेटलं, आणि वारा सुटला. ज्योत आडवी झाली. नेमगोंडांनी आधी टोपी आड धरली, मग चप्पल, शेवटी स्वतः आडवे पडले. खिचडी तळाला करपली आणि वर कच्ची राहिली. सूर्य डोंगराआड गेला तेव्हा तांदूळ अजून दाताला लागत होता. दहा मिनिटांनी तो शिजला आणि तुपाचा वास माळभर पसरला.

नेमगोंडा सकाळपासून चालले होते, पोटात कावळे ओरडत होते.

"घ्या चार घास," प्रभावतीबाई हळूच म्हणाल्या. "हितं कोण बघतंय?"

"न्हाय गं." त्यांनी झाकण लावलं. "उशीर झालाय."

नेमगोंडा नापास होऊन डोंगर उतरले.

दुसऱ्या दिवशी बाई एकट्याच उचगावला गेल्या. येताना गॅसची चूल आणि वारा अडवायचा घडीचा पत्रा घेऊन आल्या.

"मला वाटलंतं, चार लोकांत गेलासा की नेम सोडशीला," त्या म्हणाल्या. "तुमी काय सोडत न्हाईसा. मग उपाशी कशाला ऱ्हायचं?"

नेमगोंडांनी पाठीवरची भरलेली पिशवी काट्याला लावली. "नऊ किलोंवर तीनशे ग्रॅम जास्त भरतंय गं."

बाईंनी पिशवीतून त्यांची इस्त्रीची विजार काढून बाजूला ठेवली. "डोंगरात कुणाच्या लग्नाला निघालासा?"

मग त्यांनी स्वतःच अंगणात चूल मांडली, पत्रा लावला आणि घड्याळ पाहिलं. चार मिनिटांत पाणी खळखळलं.

"रोज साडेचारला पेटवायची. पाचला न्हाय."

"व्हय," नेमगोंडा म्हणाले, आणि तांदूळ आणायला आत पळाले.