फिदालियाचं धनुष्य

फिदालिया घरातली धाकटी मुलगी. आमच्या खासी लोकांत घर, चूल आणि म्हातारी आई धाकटीकडेच येते, आणि नवरा लग्न करून तिच्या घरी राहायला येतो. मी तसाच आलो, माझं धनुष्य आणि बाण करायची सुरी घेऊन. तिची आई, मेई, अर्धांगवायूने दोन वर्षं अंथरुणाला खिळली होती. दर घटकेला हाक यायची, "पोरी!" दोन वर्षांत फिदालिया बाजाराच्या पलीकडे गेली नव्हती.

मी मागच्या अंगणात निखाऱ्यावर बांबूची काडी शेकून सरळ करत बसलो की ती दारात उभी राहून बघायची. एक दिवस म्हणाली, "मला शिकव." आमच्या गावात बायका धनुष्याला हात लावत नाहीत. मी दोन दिवस टाळलं. तिने पुन्हा विचारलं नाही, नुसती गप्प झाली. ते काही मला सोसवेना. तिसऱ्या दिवशी तिच्या ताकदीचं हलकं धनुष्य तासलं.

सुपारीच्या झाडाला गवताचा भारा बांधला. पहिले बाण स्वयंपाकघराच्या भिंतीला लागले. तिचा हात कानापर्यंत जायचा, ती नेम धरायची, आणि आतून हाक यायची. ती दोरी तशीच सैल करून आत जायची. पुढे पुढे तिला दोन हाकांच्या मधे तीन बाण सोडता येऊ लागले. पावसाळा सरेस्तोवर तीनही भाऱ्यात बसू लागले.

मामांना कळलंच. मेईचे भाऊ म्हणून घरातला शब्द त्यांचा. एका सकाळी आले, धनुष्य हातात घेऊन तोललं आणि म्हणाले, "बाईने धनुष्य धरलं की घर सुटतं."

"मग मामा, आज घर तुम्ही धरा," फिदालिया म्हणाली. "शिलाँगला बायकांचा सामना आहे. संध्याकाळी परत येते."

मामांनी धनुष्य भिंतीला टेकवलं. मेईच्या उशाशी जाऊन बसले. मला वाटलं, सुटली.

तिने नवं जैनसेम, आमच्या बायकांचं खांद्यावर गाठ मारायचं वस्त्र, नेसलं. मी केलेले बारा बाण फडक्यात गुंडाळले. नाक्यावर सुमोत आम्हाला मागची जागा मिळाली. गाडी भरली, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं. फिदालियाने माझं मनगट घट्ट धरलं.

"ऐकू येतंय तुला?"

नाक्यावरून आमचं घर दिसतही नाही. मी म्हटलं, काही नाही, गाडीचा आवाज आहे. तिने दार उघडलं आणि उतरली. लोक बघत राहिले. मी समजावलं, मामा आहेत, एकच दिवस आहे. ती ऐकून घेत होती, मान हलवत होती, आणि पाय घराकडे चालत होते.

घरी पोचलो तर मेई गाढ झोपली होती. मामा खिडकीपाशी सुपारी कातरत बसले होते. त्यांनी वर बघितलं. टोमणा मारतील असं वाटलं होतं. उलट अडकित्ता खाली ठेवून हळू म्हणाले, "जा की अजून. दुपारची गाडी आहे."

फिदालियाने जैनसेमची गाठ सोडली, कमरेला जुनं फडकं बांधलं आणि मेईसाठी पेज ठेवायला चुलीपाशी बसली. दुपारची गाडी गेल्याचा हॉर्न आम्ही तिघांनी ऐकला.