दुःख, आठ सेकंद

संगीताच्या बाईंनी ती संगीतिका अकरा वर्षं मनात बाळगली होती. गोष्ट त्यांची, गाणी त्यांची, चालीही त्यांच्याच. एका राजकन्येची सावली चोरीला जाते. जंगलातल्या चेटकिणीने अशा चोरलेल्या सावल्या दोरीवर वाळत घातलेल्या असतात. सावली परत हवी तर बदल्यात काहीतरी द्यावं लागतं, आणि राजकन्येकडे देण्याजोगं एकच असतं, आईने जाण्यापूर्वी शिकवलेलं गाणं. ती ते देऊन टाकते आणि त्या क्षणापासून ते तिला आठवेनासं होतं.

दरवर्षी बाई वही घेऊन मुख्याध्यापिकांकडे जायच्या आणि दरवर्षी मुख्याध्यापिका म्हणायच्या, "छान आहे हो, पण यंदा नको." या वर्षी शाळेला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. काहीतरी मोठं करायचं होतं आणि दुसऱ्या कुणाला काहीच सुचलं नाही, म्हणून होकार मिळाला.

पालकसभेत ठरलं की प्रत्येक इच्छुक मुलाला रंगमंचावर उभं राहायला मिळालं पाहिजे. वहीत जंगल म्हणून चार झाडं होती. आठवड्याभरात ती सव्वीस झाली. सव्वीस झाडांना गप्प करता करता बाईंचा घसा बसला आणि प्रयोगाला तीन आठवडे उरले असताना आवाज पूर्णच गेला.

बाईंची थोरली बहीण घशाची डॉक्टर होती. तिने आत डोकावून पाहिलं आणि बजावलं, "तीन आठवडे एक शब्द नाही. कुजबुजसुद्धा नाही. जे काय असेल ते लिहून सांगायचं."

बाईंनी लिहिलं : *तुला आनंद होतोय.*

"मला लहानपणापासून हे तुला सांगायचं होतं," बहीण म्हणाली.

मुख्याध्यापिकांनी पर्याय शोधायला दहा मिनिटंही लावली नाहीत. संध्याकाळी मोकळे असणारे आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचणारे शिक्षक एकच होते, पी.टी.चे सर. सरांनी आयुष्यात एकही नाटक शेवटपर्यंत बसून पाहिलेलं नव्हतं. "मॅडम, मला सा आणि रे यांतला फरक कळत नाही," त्यांनी सांगून पाहिलं.

"मुलांना कळतो ना? मग झालं. तुम्ही फक्त त्यांना उभं करा."

सरांनी उभं केलं. पहिल्याच दिवशी सव्वीस झाडं उंचीप्रमाणे तीन रांगांत लागली. एका शिट्टीला जंगल पुढे यायचं, दोन शिट्ट्यांना मागे जायचं, लांबलचक शिट्टीला राजकन्येला वाट द्यायचं. कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेल्या बाईंनी डोळे मिटून घेतले. मग वही उघडून घाईघाईने लिहिलं आणि पान सरांसमोर धरलं : *झाडं कवायत करत नाहीत.*

"बरोबर आहे बाई," सर म्हणाले, "पण ही झाडं आठवीची आहेत."

दुसऱ्या दिवशी जंगलाच्या गाण्यावरून वाजलं. बाईंनी ते संथ, विलंबित लयीत बांधलं होतं. सरांनी पेटी वाजवणाऱ्या मुलीला सांगून ते दुप्पट वेगात घेतलं. बाईंनी वहीत इतक्या जोराने लिहिलं की पेन्सिलीचं टोक मोडलं : *का??*

"हळू गाण्यात पोरं खाजवतात," सर म्हणाले. "बघा तुम्हीच." त्यांनी गाणं पुन्हा संथ घ्यायला लावलं. दुसऱ्या ओळीपर्यंत तीन झाडांनी मान खाजवली आणि एक चक्क खाली बसलं. बाईंनी मोडक्या पेन्सिलीला टोक काढायला घेतलं.

खरी अडचण राजकन्येची होती. नववीतली ती उंच मुलगी गायची फार सुरेख, पण गाणं देऊन टाकल्यावर जो रितेपणा यायला हवा तो तिच्या चेहऱ्यावर काही केल्या येत नव्हता. गाणं संपलं की ती लगेच पुढचं वाक्य म्हणून मोकळी व्हायची. बाईंचा घसा शाबूत असता तर त्यांनी तिला जवळ बसवून तासभर समजावलं असतं. आता वहीत मावेल तेवढंच सांगणं शक्य होतं. त्यांनी लिहिलं : *इथे दुःख हवं.*

सरांनी वाचलं, विचार केला आणि अगदी मनापासून विचारलं, "किती वेळ?"

बाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. माणूस चेष्टा करत नव्हता. संतापाच्या भरात, निव्वळ त्यांचं तोंड बंद करायला, त्यांनी लिहिलं : *८ सेकंद.*

सर वळले आणि सभागृह दुमदुमेल अशा आवाजात म्हणाले, "राजकन्या! गाणं दिल्यावर काही करायचं नाही. हात खाली, नजर समोर. मनात आठ आकडे मोज. दुःख, आठ सेकंद! झाडांनी पापणीही हलवायची नाही."

मुलीचा चेहरा एकदम खुलला. "एवढंच का सर? मला वाटलं मला खरंच रडायला लागणार."

त्या संध्याकाळी बाई बहिणीकडे गेल्या आणि सहा पानं भरून रडल्या. बहिणीने सहाही पानं वाचली आणि कोमट पाणी पुढे केलं.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी चार वाजता सभागृह भरलं. बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मनात कुठेतरी त्यांना हे सगळं कोसळावं असं वाटत होतं, आणि तसं वाटतंय याची लाजही वाटत होती. जंगलाचं गाणं दुप्पट वेगात सुरू झालं आणि पालक टाळ्यांनी ताल धरू लागले. दुसऱ्या अंकात कोसळलंही. सावल्यांची दोरी एका बाजूने सुटली आणि काळ्या कापडांचा गठ्ठा चेटकिणीच्या अंगावर पडला. विंगेतून दोन शिट्ट्या, लगेच एक. जंगल मागे सरलं, पुढे आलं आणि चेटकिणीभोवती भिंतीसारखं उभं राहिलं. आत काय खटपट झाली ते कुणाला दिसलं नाही. मग लांब शिट्टी झाली, झाडं बाजूला झाली आणि चेटकीण सगळ्या सावल्या अंगावर पांघरून उभी. टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंच्या शेजारचे गृहस्थ म्हणाले, "काय कल्पना आहे!"

मग राजकन्येने आईचं गाणं म्हटलं आणि देऊन टाकलं. हात खाली, नजर समोर. मागे सव्वीस झाडं निश्चल. ती काहीच करत नव्हती, नुसती उभी होती. बाईंना माहीत होतं की ती आकडे मोजते आहे. तिसऱ्या सेकंदाला सभागृहातली खुसपुस थांबली. पाचव्याला मागे कुणीतरी हुंदका गिळला. सातव्याला बाईंच्या लक्षात आलं की आपलेच डोळे भरून आलेत. अकरा वर्षं ज्या शांततेची त्या वाट पाहत होत्या ती हीच होती, आणि ती मोजून मापून, हजेरी घेतल्यासारखी आली होती.

शेवटी मुख्याध्यापिकांनी दिग्दर्शक म्हणून सरांना वर बोलावलं. सर घामेघूम झाले. "गोष्ट बाईंची, गाणी बाईंची," ते माईकमध्ये ओरडले. "दुःखसुद्धा बाईंचंच. मी फक्त रांगा लावल्या." लोकांना तो विनय इतका आवडला की त्यांनी उठून उभं राहून टाळ्या वाजवल्या, सरांसाठी. सरांनी बाईंकडे हात केला. लोकांनी मान वळवून पाहिलं आणि घसा बसलेल्या बाईंची काळजी घेणाऱ्या सरांसाठी आणखी टाळ्या वाजवल्या.

कपडे आवरायच्या गडबडीत सर बाईंपाशी आले. "बाई, खरं सांगा. आठाचे नऊ करायला हवे होते का?"

तीन आठवडे पुरे व्हायला दोन दिवस बाकी होते. "नाही," बाई म्हणाल्या. आवाज फाटका आला. "आठच बरोबर."

सोमवारी सूचनाफलकावर कागद लागला : पुढच्या वर्षीची संगीतिकाही पी.टी.चे सरच बसवतील. सर धावत शिक्षकांच्या खोलीत आले. "गोष्ट मात्र तुम्हीच लिहायची बाई. नाहीतर मी नाही म्हणून सांगतो." मग दारातून वळून म्हणाले, "फक्त जरा पळापळ असू द्या. पोरांना बरं पडतं."

बाई त्यांच्याशी दोन आठवडे बोलल्या नाहीत. या वेळी डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय. पण गोष्ट डोक्यात घोळायला लागली होती, ती काही केल्या थांबेना. एका रविवारी त्या नवी वही घेऊन बसल्या. गोष्ट एका आंधळ्या राजाची होती, अतिशय हळुवार. चौथ्या पानाशी आल्यावर त्यांनी मागे वळून वाचलं आणि त्यांना दिसलं की राजवाड्याच्या दारात चाळीस सैनिक येऊन उभे आहेत, उंचीप्रमाणे.

त्यांनी ते वाक्य खोडायला पेन्सिल उचलली. जरा वेळ तशीच धरली आणि मग सैनिकांना तीन पावलं पुढे घेतलं.