डाव्या हाताचं मळणी यंत्र

पत्र आलं तेव्हा मी स्टुलावर उभा राहून पंख्याची पाती पुसत होतो. निवृत्त यंत्ररचनाकाराच्या वाट्याला घरात एवढंच फिरतं यंत्र उरतं. बायकोने पाकीट फोडलं आणि मोठ्याने वाचायला लागली.

"'डाव्या हाताने भरणी करण्याच्या आपल्या द्रष्ट्या रचनेमुळे असंख्य हात वाचले, याबद्दल आपला सन्मान करण्याचे योजिले आहे.' अहो, द्रष्टे म्हणजे तुम्हीच ना?"

"पत्ता आपलाच आहे का बघ."

"आपलाच आहे. सकाळी कपाळावरचा चष्मा तासभर शोधणारा द्रष्टा इथेच राहतो." ती फार खूश होती. "थांबा, धाकटीला कळवते."

धाकटी म्हणजे तिची बहीण, माझी मेहुणी. फोनवर धाकटी काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण बायकोचं नीट ऐकू आलं. "हो गं, तेच यंत्र. तुझ्या हातून उलटं झालेलं. बघ, तू घोळ घातलास आणि यांनी त्याचं सोनं केलं."

मी स्टुलावरून उतरलो. घोळ मी घातला होता आणि सोनं कोणीच केलं नव्हतं, ते आपोआप झालं होतं. ही गोष्ट बावीस वर्षं जगात एकाच माणसाला ठाऊक होती, आणि तो आता हातात फडकं घेऊन उभा होता.

मळणी यंत्र तसं भोळं असतं. पोटात लोखंडी ड्रम, ड्रमला दाते, खाली जाळी. पेंढी आत गेली की दाते तिला झोडपतात, दाणे जाळीतून चाळणीवर पडतात, पंखा भुसा उडवतो. खरी अडचण असते तोंडाशी. पेंढी आत सारायला पत्र्याचं एक ताट असतं. पेंढीमागोमाग हात गेला तर यंत्राला त्यातला फरक कळत नाही. ताटाच्या एका बाजूला पट्टा आणि जड चाक, म्हणून भरणारा माणूस दुसऱ्या बाजूलाच उभा राहतो. मी यंत्र आखलं ते उजव्या हाताने भरायचं. बहुतेक माणसं उजव्या हाताची असतात, यापलीकडे माझं संशोधन गेलेलं नव्हतं.

ड्रॉइंगमध्ये यंत्र समोरून काढतात आणि शेजारी, बाजूने दिसतं तसं. हे बाजूचं चित्र कागदावर कुठे काढायचं याला नियम आहे. उजवीकडे काढलं तर यंत्राची एक बाजू, डावीकडे काढलं तर दुसरी. वर्कशॉपमधला माणूस चित्र किती सुबक आहे ते बघत नाही, कुठे आहे ते बघतो. माझं चित्र उजवीकडे यायला हवं होतं. पण उजव्या कोपऱ्यात नावाची चौकट असते, आणि त्याच महिन्यात मला बढती मिळाली होती. चौकटीत माझं नाव, नावापुढे पदवी, पदवीखाली नवं पद, पदाखाली लफ्फेदार सही असा सगळा संसार थाटल्यावर बाजूच्या चित्राला जागाच उरली नाही. मी ते उचललं आणि डावीकडे बसवलं. नियम आठवला नाही असं नाही. आठवायला वेळ नव्हता, सहीची शाई वाळायची होती.

पेन्सिलीचं ड्रॉइंग पारदर्शक कागदावर शाईने गिरवायचं काम ट्रेसरचं, आणि आमची ट्रेसर धाकटी होती. मीच तिला तिथे नोकरीला चिकटवली होती. हात असा की तिची रेघ बघून कागदावर केस पडलाय समजून लोक फुंकर मारायचे. तिने विचारलं होतं, "भाऊजी, हे चित्र इकडे चालेल ना?"

"तू फक्त गिरव," मी म्हणालो होतो. "डोकं चालवायला मला ठेवलंय."

चाळीस यंत्रं तयार झाली. सगळीच्या सगळी आरशात बघून केल्यासारखी. ताट पलीकडे, पट्टा अलीकडे, भरायचं डाव्या हाताने. फोरमन ब्लूप्रिंटची सुरळी काखेत मारून ड्रॉइंग विभागात आला. मागून मोठे साहेब. साहेबांनी विचारलं, "हे कोणाचं काम?"

मी काही बोललो नाही. ही गोष्ट मी पुढे स्वतःला पुष्कळ वेळा सांगितली, की मी खोटं बोललो नाही. मी फक्त मान वळवून ट्रेसिंगच्या टेबलाकडे बघितलं. साहेबांनीही तिकडे बघितलं. फोरमनने बघितलं. शेवटी धाकटीनेसुद्धा खाली आपल्या हातांकडे बघितलं.

"नात्यातली माणसं भरली की असंच व्हायचं," कोणीतरी म्हणालं. त्यावरही मी गप्पच राहिलो, आणि लोकांनी माझ्या संयमाचं कौतुक केलं.

धाकटीला स्टोअरमध्ये टाकलं. नटबोल्ट मोजून द्यायचे, चिठ्ठ्या फाईलला लावायच्या. शाईच्या बाटलीशी संबंध संपला. घरात मात्र या प्रकरणाने चांगलीच करमणूक केली. "धाकटीला रस्ता विचारू नका, परत घरी येऊन पोहोचाल." "तिला मीठ मागितलं ना? मग साखर येईल." साडू गाडी घेऊन आला तेव्हा ती ड्रायव्हिंगच्या क्लासला तीन दिवस गेली आणि चौथ्या दिवशी घरी बसली. "मला डावं-उजवं कळत नाही हो," ती सगळ्यांदेखत म्हणाली, "भाऊजींना विचारा." सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी हसलो. त्यानंतर ती रोज सकाळी डाव्या मनगटावर बॉलपेनने एक ठिपका काढायला लागली. आम्ही त्या ठिपक्यावरही विनोद केले. त्यातले चांगले बहुतेक माझे होते.

इकडे यंत्रांचं वेगळंच झालं. चाळीस यंत्रं मोडून पुन्हा जोडण्यापेक्षा माहितीपत्रकावर 'अभिनव रचना' छापणं सोपं होतं, म्हणून तसं छापलं, यंत्रं विकली आणि पुढेही तशीच काढत राहिले. काही वर्षांनी एका संस्थेची विद्वान माणसं वह्या घेऊन खळ्याखळ्यांतून फिरली. त्यांना आढळलं की आमच्या यंत्रात कोणाचा हात गेलेला नाही. कारणही त्यांनीच शोधलं. उजवा हात धीट असतो, पेंढीबरोबर आत जातो. डावा भित्रा, तो पेंढी पुढे ढकलतो आणि आधीच मागे येतो. ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, "हा विचार आपण मुद्दाम केला असणार."

"तसा विचार होताच," मी म्हणालो.

इतकी वर्षं चूक तिची होती. शहाणपण ठरल्यावर दोन सेकंदांत ती माझी झाली.

सन्मानाचा कार्यक्रम कारखान्याच्या सभागृहात होता. दुसऱ्या रांगेत बायको आणि तिच्या शेजारी धाकटी, इस्त्रीचे कपडे, मांडीवर पर्स. माझं कौतुक सुरू झालं की बायको तिला कोपराने ढोसायची आणि ती मान डोलवायची. अगदी मनापासून. तिच्या मनगटावरचा ठिपका मला व्यासपीठावरून दिसत नव्हता, पण मला तो दिसत होता.

मानपत्र हातात आलं तेव्हा मी ठरवलं, आज सांगायचं. माईकसमोर उभा राहिलो आणि म्हणालो, "मंडळी, मी द्रष्टा वगैरे काही नाही. हे यंत्र उलटं झालं ते माझ्या चुकीने. नावाची चौकट मी एवढी मोठी काढली होती की यंत्राला कागदावरून घराबाहेर काढावं लागलं."

सभागृह हसलं. तिथे थांबायला हवं होतं. पण हशा मिळाल्यावर माझं तोंड ऐकत नाही. "बिचारं यंत्र तरी काय करणार," मी पुढे म्हणालो, "नशीब, मला बढती एकदाच मिळाली. आणखी एक मिळाली असती तर पेंढी पायाने भरावी लागली असती."

टाळ्यांचा कडकडाट झाला. मोठ्या साहेबांच्या जागी आता जे मोठे साहेब आहेत ते आभार मानताना म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण विनम्रता बघा. हाताखालच्या माणसाची चूक स्वतःच्या अंगावर घेतात."

रिक्षात बायको म्हणाली, "छान सांभाळून घेतलंत हो तिला."

धाकटी कडेला बसली होती. ती म्हणाली, "भाऊजी, माझ्यासाठी उगाच स्वतःचं हसं करून घेतलंत. मला नाही बाई आवडलं."

मला रिक्षातून उतरून चालत जावंसं वाटलं. पण मानपत्राची चौकट मांडीवर आडवी होती आणि ती धरून उतरता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांखालून मी पेन्सिलीचं मूळ ड्रॉइंग काढलं आणि कारखान्यात गेलो. धाकटी अजून स्टोअरलाच आहे. जाळीची खिडकी, पुढे लाकडी फळी, मागे खणांची भिंत आणि प्रत्येक खणावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी. ते अक्षर बघायला तरी लोकांनी वॉशर मागावेत असं.

"भाऊजी? काय हवंय? मागणीची चिठ्ठी आणलीत?"

"चिठ्ठी नाही. एक कागद आणलाय."

तिने सुरळी उलगडली. दोन कोपऱ्यांवर बेअरिंग ठेवली, तिसऱ्यावर ग्रीसचा डबा, चौथा तळहाताने दाबला. बराच वेळ ती एका जागी बघत होती. मग बोट डावीकडे टेकवलं.

"हे पेन्सिलीतच इकडे आहे."

"हो."

"म्हणजे मी जसंच्या तसं गिरवलं होतं."

"जसंच्या तसं. तू मला विचारलंही होतंस, इकडे चालेल का म्हणून."

तिने बोट पेन्सिलीच्या रेघेवरून फिरवलं. मग म्हणाली, "ते मला आठवायचं. पण वाटायचं, आपण मागाहून मनाने रचलंय." तिने ग्रीसचा डबा उगाच जरा सरकवला. "कुठे होतं हे?"

"घरी. कपाटात."

"बावीस वर्षं?"

"मधे दोनदा घर बदललं. दोन्ही वेळा मी स्वतः नेलं, हमालांना हात लावू दिला नाही."

"एवढी काळजी घेतलीत," ती म्हणाली.

माझ्यामागे एक फिटर येऊन उभा राहिला होता, हातात चिठ्ठी. धाकटीने त्याला हातानेच थांबायला सांगितलं.

"म्हणजे मला गाडी शिकता आली असती."

हे तिने मला विचारलं नव्हतं, पण मी उत्तर दिलं. "तुझ्या नवऱ्याची गाडी बघता, न शिकलीस तेच बरं. ढकलायलाच दोन माणसं लागायची."

फिटर हसला. धाकटी हसली नाही. "भाऊजी, कालही तुम्ही हेच केलंत. खरं बोलायचं आणि लगेच त्याला गुदगुल्या करायच्या, म्हणजे कोणाला ते खरं वाटायला नको. मलासुद्धा वाटलं नाही."

मी फळीवरच्या ड्रॉइंगकडे बघत राहिलो. एवढं अचूक निदान माझं कोणी केलं नव्हतं आणि मला त्यावर सुचण्यासारखं काही नव्हतं. म्हणजे सुचलं होतं.

तिने खिडकीच्या खालून टेलिफोन उचलून फळीवर ठेवला. "ताईला सांगा. आत्ता, माझ्यासमोर. विनोद न करता."

"घरी गेल्यावर निवांत..."

"घरी गेल्यावर तुम्ही रंगवून सांगाल."

मी नंबर फिरवला. पलीकडे नळाखाली भांडी चालली होती.

"अगं, ते कालचं," मी म्हणालो, "मी म्हणालो ना, चूक माझी होती."

"अहो, काल टाळ्या मिळाल्या ना? किती वेळा मोठेपणा घ्याल?"

"ऐक. ड्रॉइंग मी चुकवलं होतं. धाकटीने बरोबर गिरवलं. तिने मला विचारलं होतं आणि मी तिला गप्प बसवलं. साहेबांनी कोणाचं काम म्हणून विचारलं तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. मूळ ड्रॉइंग मी आपल्या कपाटात लपवून ठेवलं होतं. तिला डावं-उजवं कळतं. पहिल्यापासून कळत होतं."

नळ बंद झाल्याचा आवाज आला. बायको काही बोलली नाही. आमच्या संसारात हे पहिल्यांदाच होत होतं, आणि ही गोष्ट तिला सांगायचा मोह मला त्या क्षणीसुद्धा झाला, हे नोंदवून ठेवतो.

"तिला द्या फोन," ती म्हणाली.

मी रिसीव्हर जाळीतून आत दिला. मला धाकटीचंच बोलणं ऐकू येत होतं. "हो, ताई. ...पेन्सिलीचं आहे, समोर आहे माझ्या. ...नाही, रडत कशाला असेन. ...तुम्ही सगळेच हसायचात, ताई, तूसुद्धा. ...नाही, आज नाही येत. ...माहीत नाही कधी येईन."

तिने फोन खाली ठेवला. बेअरिंग, डबा उचलले, ड्रॉइंगची सुरळी केली, रबर लावलं आणि ती मला परत न देता आपल्या मागच्या खणात ठेवली. मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणाली, "भाऊजी, मागे माणूस खोळंबलाय. बाजूला व्हा."

कुठल्या बाजूला, हे शब्द अगदी जिभेवर आले होते. मी ते गिळले आणि सरकलो.