कमानीखालचा फोटो

धावणाऱ्या माणसाला शर्यतीच्या शेवटी काय लागतं, ह्यावर गेल्या डिसेंबरात आमच्या बैठकीच्या खोलीत मोठी चर्चा झाली आणि त्या खोलीत धावणारं एकही माणूस नव्हतं. म्हणजे एक होतं, पण ते पोहे वाढत होतं.

आमचे हे, म्हणजे ॲडव्होकेट कमलाकर पांढरीपांडे, यवतमाळच्या धाव मंडळाचे अध्यक्ष. स्वतः धावत नाहीत. गुडघ्यांचं कारण सांगतात, पण गुडघे ठणठणीत होते तेव्हाही धावत नव्हते. अध्यक्षपद मात्र त्यांना कुठलंही चालतं. वाचनालय असो की स्मशानभूमी सुधार समिती, हारासाठी मान आपोआप पुढे येते. मंडळाचे सचिव दातांचे डॉक्टर अवधूत. त्यांनीच तो प्रश्न काढला. म्हणाले, "आपण दरवर्षी सुरुवातीचा विचार करतो. शेवटचा करतच नाही. माणूस दहा किलोमीटर धावून आला, त्याला तिथे काय हवं असतं?"

प्रश्न चांगला होता. उत्तरं ऐकून मला हसू आवरेना. कोणी म्हणालं डीजे, कोणी म्हणालं ड्रोन, कोणी सेल्फी पॉइंट. ह्यांनी सांगितलं की भव्य मंच हवा आणि तो फिनिश लाइनच्या अगदी समोर हवा, म्हणजे पाहुण्यांना धावणारे दिसतील. धावणाऱ्यांना पाहुणे दिसले की त्यांचे पाय दुखायचे थांबतात, अशी काहीतरी ह्यांची समजूत असावी.

मी ताटली ठेवता ठेवता म्हणाले, "बसायला जागा लागते. आणि रेषेवर आपलं माणूस लागतं."

सगळे हसले. अवधूत म्हणाले, "वहिनी, प्रत्येकाला आपलं माणूस कुठून पुरवायचं मंडळानं?"

"ही धावते बरं का सकाळी," ह्यांनी कौतुकानं सांगितलं, आणि मग "लिंबू आण गं" असं म्हणाले.

धावते हे ह्यांना ऐकून माहीत होतं. पाहिलं कधीच नव्हतं. मी घराबाहेर पडायचे तेव्हा हे घोरत असायचे आणि परत यायचे तेव्हा पेपरात डोकं असायचं. डॉक्टरांनी साखरेपायी चालायला सांगितलं म्हणून मी मैदानावर जायला लागले होते. तिथे उज्ज्वला आडे भेटली. घाटंजीकडच्या तांड्यावरची पोरगी, पोलीस भरतीसाठी इथे खोली करून राहिलेली. पहिल्याच दिवशी माझ्या मागून येऊन म्हणाली, "काकू, चालायचं असंन त कडीनं चाला ना. मधात काहून चालून राह्यल्या?" मला असा राग आला की मी चार पावलं धावले. मग थांबताच येईना. पन्नाशी उलटलेल्या बाईला स्वतःचा श्वास एवढा मोठ्यानं ऐकू येतो आणि त्याची लाज वाटत नाही, ह्यात काय सुख आहे ते मी कुणाला समजावून सांगू शकणार नाही. स्वयंपाकघरात आणि शाळेतल्या नोकरीत मी आयुष्यभर दुसऱ्याच्या घाईनं पळाले. हे पळणं माझं होतं.

म्हणून मी दहा किलोमीटरला नाव दिलं आणि ह्यांच्याकडे एकच गोष्ट मागितली. मी मागून येणार, सगळ्यांच्या शेवटी येणार, पण येणार. तेव्हा तुम्ही रेषेवर उभे राहा.

"अगं, अध्यक्षच आहे मी. मी नाही तर कोण असणार तिथे?" हे म्हणाले. "दिला शब्द."

आता ह्यांच्या शब्दाला कचेरीत किंमत आहे म्हणतात. मीही धरून चालले.

शर्यतीच्या दिवशी प्रमुख पाहुणे पहाटे झेंडा दाखवणार होते. ते आलेच नाहीत. थंडीत कुडकुडत अर्धा तास त्यांची वाट पाहून शेवटी अवधूतांनी रुमाल हलवला आणि आम्ही सुटलो. आर्णी रोडला लागेपर्यंत उज्ज्वला माझ्यासोबत होती, मग म्हणाली, "काकू, मी जाऊ का समोर? तुमच्यासंग त मले झोप येऊन राह्यली," आणि गेली. बरोबरच होतं तिचं.

परतीच्या वाटेवर ऊन चढलं. पिंडऱ्यांत गोळे आले. ट्रकवाले भोंगे वाजवत जात होते. एका ठिकाणी मी थांबले आणि खाली वाकून गुडघे धरले, तेव्हा रिक्षावाला म्हणाला, "बसता का मॅडम?" बसावंसं वाटलं. खरंच वाटलं. पण डोळ्यांसमोर ती कमान होती आणि कमानीखाली हे. लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्या माणसाला मी स्टेशनवर घ्यायला गेले, कोर्टाच्या पायऱ्यांवर ताटकळले, दवाखान्याच्या बाकावर रात्री काढल्या. एकदा, एकदाच, त्यांनी माझी वाट पाहावी आणि मी यावं. एवढ्यासाठी मी पुन्हा धावायला लागले.

मैदानात शिरले तेव्हा माझ्यापुढे कोणी नव्हतं. टोपी डोळ्यांवर आलेली, घाम वाळून गालांवर मीठ साचलेलं, अंगात मंडळाचा भगभगीत नारिंगी टी-शर्ट. समोर ती हवा भरलेली कमान. आणि कमानीखाली, अगदी रेषेवर, हे उभे होते.

खोटं कशाला सांगू, माझे डोळे भरून आले. ह्या माणसाबद्दल मनात जे जे साठवून ठेवलं होतं ते सगळं त्या क्षणी माफ करून टाकायला मी तयार झाले. पायांत कुठून बळ आलं कोण जाणे, मी वेग वाढवला. ह्यांनी हात वर केला. मीही हात वर केला, हातातली पाटली खळकन कोपरापर्यंत घसरली.

"ओ ताई!" हे ओरडले. "बाजूनं, बाजूनं! फोटो चालू आहे!"

मग मला बाकीचे दिसले. ह्यांच्या शेजारी शालीतले प्रमुख पाहुणे, पलीकडे अवधूत, मागे सगळं मंडळ, आणि माझ्या डाव्या हाताला, कमानीकडे तिरका कॅमेरा रोखून गुडघा टेकलेला फोटोग्राफर. पाहुणे आत्ता उगवले होते. रेषेवर लाल गालिचा घातला होता आणि धावायच्या पट्टीवर खुर्च्या मांडल्या होत्या, सत्काराला बसायला.

हे चष्म्याशिवाय होते. फोटो म्हटला की हे चष्मा काढून खिशात टाकतात. लग्नाच्या फोटोपासूनची सवय आहे. चष्मा नसला की ह्यांना समोरची म्हैस दिसत नाही, पण फोटोत डोळे दिसायला पाहिजेत. तेव्हा ओळखलं नाही हे मला समजतं. पण हातानं बाजूला सारायची ती रीत मला चांगली ओळखीची होती. घरी पक्षकार बसलेले असले आणि मी दारात आले की नेमका तोच हात.

एका स्वयंसेवकानं मला दोरीच्या बाहेर काढलं. पाण्याचे कॅन आणि डीजेचे खोके ह्यांच्यामधल्या फटीतून मी आडवी होऊन मंचामागे गेले. कुठे थांबायचं तेच मला कळेना. रेषा कमानीखाली होती आणि कमानीखाली पाहुणे होते. कोणीतरी प्लास्टिकच्या पिशवीसकट पदक हातात ठेवलं, किराणा दिल्यासारखं.

मंचामागे जमिनीवर उज्ज्वला बसली होती, पाय आवळून.

"काकू, तुमचं घर किती दूर हाय?"

"का गं?"

"संडासाले कुलूप हाय. पाव्हन्यासाठी साफ ठेवला म्हने. चाबी डॉक्टरसायबाजोळ, अन् डॉक्टरसायब फोटोत." मग ती माझ्याकडे बघत राहिली. "काकू, थे तुमचे काका होते ना?"

"हो."

"त्यायनं तुमाले ताई म्हनलं."

तिला हसू फुटलं. मग माझं तोंड बघून तिनं ते गिळलं, आणि आम्ही रिक्षा करून घरी आलो.

हे दुपारी आले, शाल आणि नारळ घेऊन. शाल माझ्या हातात देत म्हणाले, "कधी आलीस तू? दिसलीच नाहीस."

"तुम्ही होतात रेषेवर?"

"होतो तर! शब्द दिला होता ना. बराच वेळ उभा होतो."

तेव्हाच सांगता आलं असतं. पण मला सांगायचं नव्हतं. मला हवं होतं की ह्यांनी स्वतः ओळखावं. संध्याकाळी मंडळाच्या ग्रुपवर फोटो आला आणि मला वाटलं, आता ओळखतील. फोटोच्या उजव्या कडेला मी होते. अर्धा चेहरा, वर गेलेला हात, हातात पाटली. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला ह्यांनीच घेतलेली, सोनाराकडे दोनदा खेटे घालून. मी बोटांनी फोटो मोठा करून पाहिला. ह्यांनी ताई म्हणण्याच्या आधीचा क्षण होता तो. मी हसत होते. इतकं तोंडभरून हसताना मी मला कधी पाहिलेलं नाही.

रात्री ह्यांनी चष्मा लावून तो फोटो कितीतरी वेळ पाहिला. मी भाजी निवडत समोर बसले होते, मेथीच्या एकेका काडीला लागेल त्याहून जास्त वेळ देत. शेवटी हे म्हणाले, "माझं पोट जरा जास्त दिसून राहिलं का गं?"

मी म्हणाले, "नाही."

आठवड्यानं हे तो फोटो मोठा करून, सोनेरी चौकटीत बसवून घेऊन आले. खिळा आणि हातोडी मागितली. दिवाणखान्यात, आल्या माणसाची पहिली नजर जाईल अशी जागा ह्यांनी आधीच हेरून ठेवली होती. चौकट माझ्या हातात देऊन हे स्टुलावर चढले. मी फोटो पाहिला. पाहुणे होते, अवधूत होते, हे होते, कमानीवरची अक्षरंसुद्धा होती. उजवीकडे अवधूतांच्या खांद्याशी फोटो संपत होता.

"इथलं काय झालं?" मी विचारलं.

"कुठलं? अच्छा, ते. कुणीतरी बाई मधातच घुसली होती हात वर करून. पूर्ण फोटोचा विचका केला होता. फ्रेमवाल्याला म्हटलं, तेवढं कापून टाक."

"ती मी होते," मी म्हणाले.

हे स्टुलावरून खाली उतरले. डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, पुन्हा डोळ्यांना लावला. माझ्या हातातली चौकट घेऊन खिडकीपाशी उजेडात गेले आणि उजव्या कडेवरून नीट बोट फिरवत म्हणाले, "कुठे?"