एकदाच विचारणारा जावई

माझी आई आणि माझा नवरा दोघंही इंग्रजीच बोलतात, तरी लग्न झाल्यापासून त्यांच्यामध्ये मी दुभाष्याचं काम करते आहे. पगार नाही, रजा नाही. डॅरिल अमेरिकेतला, नेब्रास्काचा. त्याच्या गावी म्हणे शेजारी मैलभर लांब, म्हणून माणसं मोठ्याने आणि सरळ बोलतात. आई, म्हणजे बेरिल, जन्मापासून स्किप्टनची. इथे इंग्लंडात, यॉर्कशरमध्ये घराला घर चिकटलेलं, त्यामुळे आम्ही सगळं हळू आणि आडून बोलतो.

आईचं "वाईट नाही" म्हणजे फार छान. "बघू या" म्हणजे नाही. "तुला वाटेल ते कर" म्हणजे करून तर बघ. आणि "नको" म्हणजे मला पुन्हा एकदा विचारा. डॅरिल पहिल्यांदा जेवायला आला तेव्हा भांड्यात एक भाजलेला बटाटा उरला होता. "कुणाला हवाय?" त्याने विचारलं. आई म्हणाली, "नको रे, तूच घे." त्याने घेतला आणि खाऊन टाकला. आता दुसऱ्यांदा विचारेल म्हणून आई थांबली होती. तो बटाटा तिने त्याला अजून माफ केलेला नाही.

त्याचीही रड आहेच. बसच्या थांब्यावर तो कुठल्याही बाईला म्हणतो, "काय झकास कोट आहे हो, कुठे निघालात?" मग आई चार पावलं लांब जाऊन उभी राहते, जावई आपला नव्हेच अशी. तो घरी येऊन मला विचारतो, "इथे मी कुणाच्या पायावर पाय दिला, तर तोच माझी माफी मागतो. या लोकांचं खरं कधी धरायचं गं?" मी समजावते. मग आईला समजावते. खरं सांगते, मी दमले आहे या कामाने.

या हिवाळ्यात आई जिन्यावरून पडली आणि तिचं मनगट मोडलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकटं राहणं आता पुरे. जवळच्या ऑटली गावातल्या वृद्धाश्रमात एक खोली रिकामी झाली होती, सोमवारपर्यंत काय ते कळवायचं होतं. नाहीतर आईने आमच्याकडे यायचं. आमची खालची खोली तशी मोकळीच असते.

मी विचारलं, रीतीप्रमाणे. पहिल्यांदा दवाखान्यातून परत येताना. "छे गं, तुमच्या संसारात मी कशाला?" दुसऱ्यांदा तिच्या स्वयंपाकघरात. "तुम्हाला तुमची कामं आहेत." तिसऱ्यांदा फोनवर. "अगं, ऑटलीला बाग छान आहे म्हणतात." तीनदा नको म्हणजे आमच्यात खरंखुरं नको. फोन ठेवला आणि मला हायसं वाटलं. मग हायसं वाटल्याची लाज वाटली, आणि मी उगीचच ओटा पुसत बसले.

"ती नको म्हणते," मी डॅरिलला सांगितलं.

"आणि तुला? तुला हवी आहे का ती?"

"म्हणजे काय. आली तर छानच होईल."

"मी खरंच विचारतोय, हेदर."

"आणि मी सांगतेय ना!"

त्याने मान हलवली. अमेरिकन माणसाला शब्द दिला की तो विश्वास ठेवतो, हेच तर दुखणं आहे.

रविवारी आई जेवायला आली. हात गळ्यात बांधलेला, म्हणून डॅरिलने न विचारता तिचं मांस बारीक कापून दिलं. तेही तिला आवडलं नसणार असं मला वाटलं. ती म्हणाली, "किती त्रास घेतोस." तो म्हणाला, "कसला त्रास?" मग त्याने काटा खाली ठेवला.

"बेरिल, आम्हाला तुम्ही इथे हव्या आहात. खालची खोली तुमची. येता का? यायचं नसेल तर सरळ नाही म्हणा, मला राग नाही येणार. पण परत परत नाही विचारणार मी."

मी टेबलाखालून त्याला लाथ मारली. असं विचारतात का? समोर जेवण वाढलेलं, माणसाला पळायला जागा ठेवायची नाही! मी घाईघाईने बोलायला गेले, "आई, त्याचं म्हणणं असं आहे की..."

"मला कळलं त्याचं म्हणणं," आई म्हणाली. काटा ताटाच्या कडेला ठेवून तिने त्याच्याकडे पाहिलं. "येते. आवडेल मला."

आवडेल मला. हे दोन शब्द मी तिच्या तोंडून एकत्र कधी ऐकले नव्हते. डॅरिल खूश होऊन तिच्या खांद्याभोवती हात टाकून बसला आणि तिने तो टाकू दिला.

जेवणानंतर डॅरिल कुत्र्याला फिरवायला गेला. मी भांडी घासत होते, आई एका हाताने पुसत होती. मला राहवलं नाही.

"मी तीनदा विचारलं तुला."

"हो की. अगदी छान विचारलंस."

"मग मला 'नको' का म्हणालीस? त्याने एकदा विचारलं तर लगेच 'येते'?"

तिने ताटली पुसून बाजूला ठेवली. "तुझी आजी एकटी पडली तेव्हा मीही तिला तीनदा विचारलं होतं. असंच, गोड आवाजात. तिसऱ्यांदा ती नको म्हणाली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. तसं विचारणं मी ओळखते गं. मीच शिकवलंय तुला."

नळ चालूच राहिला.

"त्या पोराचं एक बरं आहे," ती म्हणाली. "त्याला नको असतं, तेव्हा तो नको म्हणतो. तुझं मला आजवर कळलेलं नाही, हेदर. मी तुला हवी आहे का?"

"अगं, काहीच त्रास नाही" हे माझ्या जिभेवर आलंच होतं. ते मी गिळलं.

"माहीत नाही," मी म्हणाले. "मला भीती वाटते, आई. मी फार दमलेय. तुझ्याशी रोज जमेल की नाही, खरंच माहीत नाही."

तिने हात लांब करून नळ बंद केला. बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मी लहान असतानाही ती इतकं टक लावून बघत नसे.

"बरं," ती म्हणाली. "आता खरं बोललीस. आता येते मी राहायला."