चौकटीला मूठ

टप

टायवाल्याने गाडीच्या टपावरच्या खळग्यात अंगठा दाबला आणि 'च्च' केलं.

"टप बसलाय. गारा पडल्या होत्या का?"

"दारं," ती म्हणाली.

"काय?"

"या टपावरून दारं वाहिलीत. पल्ले, चौकटी, एकदा तर अख्खा जिना. गारा कसल्या आल्यात!"

टायवाला या शोरूमचा माणूस. जुनी गाडी पारखायची आणि तिची किंमत नव्या गाडीतून वजा करायची, एवढं त्याचं काम. टाय इतका आवळलेला, की शब्द बाहेर यायला रांग लावत असावेत. त्याने टपावरून हात फिरवला, हाताला लागलेला लाकडाचा भुसा बघितला आणि तो कुठे पुसावा याचा विचार करत राहिला.

"तपासून झालं की सांगा, मग उतरतो," पुढच्या खिडकीतून आवाज आला. "आत बसलेल्या माणसाचीही किंमत धरणार असाल तर बसूनच राहतो."

"आप्पा, उतरा," ती म्हणाली.

आप्पा, म्हणजे तिचे वडील, उतरले नाहीत.

बॉनेट

"इंजिन बरं आहे," टायवाला म्हणाला. यांच्याकडच्या एखाद्या गोष्टीला त्याने पहिल्यांदाच बरं म्हटलं होतं.

इंजिन बरं होतं, टप बसला होता, आणि तिचा निर्णय झाला होता. दारं-खिडक्यांचा कारखाना आप्पांनी उभा केला आणि तिने चालवला. बाजारात तिला सगळे दारवाली म्हणत. आधी चेष्टेने, मग सवयीने. आता एका बिल्डरने अख्ख्या इमारतीच्या दारांचं काम देऊ केलं होतं. अट एकच, माल स्वतःच्या गाडीने पोहोचवायचा. भाड्याच्या टेम्पोने मागे एकदा पॉलिश केलेले पल्ले असे आणून टाकले होते, की त्यांवर मांजरांनी कुस्ती खेळल्यासारखं वाटत होतं. बिल्डर ते विसरला नव्हता. तीही नव्हती.

"पिकअप घ्यायचा," तिने घरी जाहीर केलं, तेव्हा नवरा पेपर तपासत होता. तो शाळेत गणित शिकवायचा. त्याला ती मास्तर म्हणायची, तेही चेष्टेने सुरू होऊन सवयीवर गेलेलं.

"घे की. आणि कार?"

"कार देऊनच पिकअप येणार. दोन्ही कुठून परवडणार?"

मास्तरांनी लाल पेनाचं टोपण लावलं. "आप्पांना सांगितलंस?"

"पिकअपचं माहीत आहे त्यांना."

"ते नाही विचारलं मी."

तिने ताटं उचलली आणि धुतलेलीच पुन्हा धुतली.

मागची सीट

"मागची सीट कुठाय?" टायवाला आत वाकून म्हणाला.

"काढून टाकली. लांब माल बसत नव्हता."

"मग चार माणसं कुठे बसतात?"

"चार माणसं नाहीतच. दोनच."

पुढची सीट

हीच अडचण होती.

पुढच्या डाव्या सीटला आप्पांचा आकार आला होता. डावा गुडघा कामातून गेला तेव्हापासून रंधा सुटला, जिने सुटले, गाडी चालवणंही सुटलं. ही सीट मात्र सुटली नाही. दार बसवायला कुठेही जायचं असो, सकाळी आप्पा आधी गाडीपाशी. कार बुटकी. पाठमोरं होऊन बूड टेकायचं आणि पाय मागून आत ओढून घ्यायचे. तिकडे पोचलं की ती वर जाई आणि आप्पा खाली गाडीतच खिडकी उघडी ठेवून बसत. वर दार लावल्याचा आवाज आला की खालून ओरडत, "वरची बिजागरी!" किंवा "खालची!" निम्म्या वेळा ते साफ चुकत. पण ती दर वेळी दार पुन्हा उघडून बघे, आणि दुसऱ्यांदा बघितलेलं दार नेहमीच जास्त चांगलं लागे.

पिकअप उंच. आत चढायला पायरी, आणि पायरीसुद्धा गुडघ्याला येणारी. तिने गेल्याच आठवड्यात मनाशी ठरवून टाकलं होतं, की आता आप्पांनी घरी बसायचं. ठरवलं होतं, पण सांगितलं नव्हतं. आज निघताना, "तुम्ही कशाला येताय उन्हाचे?" एवढंच म्हणाली. आप्पा म्हणाले, "गाडीला निरोप द्यायला." आणि बसले. परतीसाठी तिने मास्तरांना टॅक्सी पाठवायला सांगून ठेवलं होतं. ती पिकअप घेऊन कारखान्यात जाणार, आणि टॅक्सी आप्पांना घरी नेणार.

टॅक्सीचं आप्पांना माहीत नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं.

(हे टायवाल्याने तपासलं नाही)

दाखवायचा पिकअप मागच्या आठवड्यात कारखान्याच्या दारात आला होता. ती हौद्यात चढली आणि तिने एक पल्ला आडवा टाकून बघितला. पल्ला असा बसला जणू त्याच्याच मापाने हौदा केला होता. तिथेच तिचं मन पक्कं झालं.

आप्पा तेवढ्यात घडीची पट्टी घेऊन पिकअपभोवती फिरत होते. चालकाच्या दारापाशी बराच वेळ थांबले. पट्टी जमिनीपासून पायरीपर्यंत धरली, पायरीपासून वर धरली, दाराच्या चौकटीला धरली.

"काय खोड काढताय आता?" ती हौद्यातून म्हणाली.

"हत्ती घेतेयस. सोंड मोजतो."

दुसऱ्या दिवशी तिला कारखान्यात बिल्डरला दाखवायची नमुन्याची चौकट भिंतीला टेकलेली दिसली. चौकटीच्या उजव्या बाजूला, खांद्याएवढ्या उंचीवर, स्टीलची मूठ ठोकलेली. समोर स्टूल.

तिचा पारा चढला. "ही मूठ कोणी ठोकली?"

"मी," आप्पा म्हणाले. "लाकूड ओलं वाटलं. स्क्रू धरतो का बघत होतो."

"मूठ दाराला असते आप्पा, चौकटीला नाही! आणि हे स्टूल इथे काय करतंय?"

"उभं आहे."

तिने मूठ काढली, भोकं पुट्टीने बुजवली, वर पॉलिशचा हात मारला. दोन दिवसांनी मूठ पुन्हा तिथेच. तशीच उजवीकडे, त्याच भोकांत. या वेळी तिने ती काढून हत्यारांच्या पेटीत टाकली. बापाचं डोकं आता साथ देत नाही, हे तिने त्या दिवशी मुकाट्याने स्वतःशी मान्य केलं. घरी बसवायला आणखी एक कारण मिळालं, असंही तिला वाटलं, आणि असं वाटल्याची लाजही.

डिकी

डिकी रिकामी करताना तिने हत्यारांची पेटी काढली, दोरखंड काढला, जुनी गोधडी काढली. टायवाल्याने डिकीचं झाकण आपटून बघितलं.

"व्यवहार जमला," तो म्हणाला. "तुमचा पांढरा पिकअप तयार आहे. आतून पण बघून घ्या. दोन स्वतंत्र सीटा, मधे कप ठेवायला जागा, गाणी..."

तेव्हा कारचं दार उघडलं. आप्पा उतरले. काठी गाडीतच ठेवली. टपावर, बरोबर खळग्यात, तळवा ठेवून क्षणभर उभे राहिले आणि मग सरळ पांढऱ्या पिकअपकडे चालू लागले. चालताना डावा पाय जरा ओढत होते, पण दारावर आलेल्या पाहुण्याला सामोरं जावं तसे ताठ.

"आप्पा, राहू दे. तुमच्यासाठी टॅक्सी येतेय."

"माहीत आहे. मास्तरांच्या पोटात काही राहतं का? येऊ दे."

पायरी

डावीकडचं, म्हणजे सोबत्याचं दार त्यांनी उघडलं. उजवा पाय पायरीवर टाकला, जोर केला आणि वर गेले. पण गेले ते उलटे. तोंड सीटच्या पाठीकडे, पाठ समोरच्या काचेकडे. टायवाला हसू दाबायला खोकला.

"चोरासारखा शिरलो," आप्पा म्हणाले आणि खाली उतरले. कपाळावर घाम आला होता.

या दाराला डावा पायच आधी टाकायला हवा होता. त्यांनी टाकला. शरीर वर उचलायला गेले आणि गुडघ्याने नाही म्हटलं. नुसतं नाही, ओरडूनच म्हटलं. ती धावली.

"हात लावू नकोस!"

ती थांबली.

आप्पा दाराची कड धरून तसेच उभे होते. डोळे मिटलेले. त्यांचा उजवा हात दाराच्या उजव्या बाजूला, खांद्याएवढ्या उंचीवर, काहीतरी शोधत होता. तिथे काही नव्हतं. बोटं गुळगुळीत पत्र्यावर चाचपडत राहिली, मिटली, पुन्हा उघडली.

ती त्या हाताकडे बघत राहिली. उजवीकडे, खांद्याएवढ्या उंचीवर. तिने स्वतः बुजवलेली दोन भोकं.

मग ती पिकअपला वळसा घालून पलीकडे गेली. चालकाचं दार उघडलं. आत उजव्या हाताला, चौकटीला, खांद्याएवढ्या उंचीवर मूठ होती. इथे उजवाच पाय आधी जात होता. जन्मभर गाडीत ज्या बाजूने चढले, म्हाताऱ्याने त्याच बाजूचं माप घेतलं होतं आणि कारखान्यात स्टुलाची पायरी करून त्याच बाजूची तालीम केली होती. आता आपण कुठल्या बाजूला बसतो, हे मापात धरायचं राहून गेलं.

मुठीवर तिने हात ठेवला. दोन्ही सीटांच्या मधे बघितलं. मधे खाच, कप ठेवायची जागा, गिअरचा दांडा, हातब्रेक. इकडून तिकडे मांजर गेलं असतं, आप्पा नसते गेले.

"सलग बाक येतो का याच्यात?" तिने विचारलं.

"काय?" टायवाला म्हणाला.

"बाक हो. इकडच्या टोकापासून तिकडच्या टोकापर्यंत. मधे काही नाही असा."

"साध्या मॉडेलला येतो. गिअर वर, स्टिअरिंगपाशी. पण तो कोणी घेत नाही, मॅडम. गाणी नाहीत, काचा हाताने फिरवायच्या, आणि रंग..." त्याने टाय सैल केला. "रंग तुम्ही बघाच."

रंग

शोरूमच्या मागच्या अंगणात भिंतीच्या कडेला तो उभा होता. मोहरीचा रंग म्हणावा तर मोहरीने अब्रूनुकसानीचा दावा लावला असता.

"हौदा?"

"तेवढाच. पण पांढरा तुमच्या धंद्याला शोभून..."

"आमची दारं शोभतील. हाच द्या."

"एकदा घरी विचारून..."

"घरचे इथेच आहेत," ती म्हणाली आणि चालकाचं दार उघडून बाजूला उभी राहिली. हात पुढे केला नाही. मागे बांधून ठेवला.

आप्पा आले. पिवळ्या रंगाकडे बघून त्यांनी एकदा डोळे मिटले आणि उघडले. मग उजवा हात वर गेला आणि न शोधता मुठीवर पडला. उजवा पाय पायरीवर. आणि ते वर गेले, रोज चढत असल्यासारखे. डावा पाय मागून आला, जरा उशिराने. बाकावर बसून त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. तिनेही घाई केली नाही. टायवाला काही बोलणार होता, तिने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"जड आहे," आप्पा शेवटी म्हणाले. "तुझे दंड दुखणार."

"सरका," ती म्हणाली.

ते सरकले. तळवे टेकत, थोडं थोडं करत, बाकाच्या त्या टोकापर्यंत. तिथे बसून त्यांनी काच खाली फिरवली आणि कोपर बाहेर काढलं.

"आणि उतरताना?" टायवाल्याने हळूच विचारलं.

"आलो तसाच," आप्पा म्हणाले. "मला काय घाई आहे? मी तर वर जातच नाही, खालीच बसतो."

फाटकापाशी टॅक्सीने हॉर्न दिला. पुन्हा दिला. तिने टायवाल्याच्या हातातून किल्ली घेतली.

"त्याला सांगा, भाडं मास्तरांकडून घे," ती म्हणाली. "आणि कारमधली काठी आणून द्या. हत्यारांची पेटी हौद्यात टाका. जरा जपून, आत मूठ आहे."

आप्पांनी झटकन तिच्याकडे पाहिलं. ती आरसा नीट करत होती. बराच वेळ करत राहिली.

मग तिने दार ओढून लावलं.

"वरची बिजागरी," आप्पा समोर बघत म्हणाले.

तिने दार पुन्हा उघडलं, कान देऊन पुन्हा लावलं.

"खालची," ती म्हणाली, आणि गाडी सुरू केली.